उत्क्रांति, दशावतार आणि शाळेंतील पाठ

मुलुंड येथें आम्ही राहतों त्या इमारतींत समोरासमोरच्या बिऱ्हाडांतील दोन मुलगे गेल्या वर्षीं दहावीस होते. एक राज्य मंडळाच्या मराठी शाळेंत जाणारा, दुसरा केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळेंत जाणारा. संस्कृताच्या निमित्तानें दोघेही सायंकाळीं आमच्याकडे येत. एके दिवशीं दोघांनीं आपापलीं विज्ञानाचीं पुस्तकें शेजारीं शेजारीं मांडलीं, तेव्हां असें दिसून आलें कीं, पहिल्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचा आरंभच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठानें होतो आणि दुसऱ्याच्या पुस्तकांत आनुवंशिकता तेवढी शिल्लक असून उत्क्रांति नाहीं. दोन दारांमधील अंतर पांच पावलांचें. परंतु एका दारामागच्या मुलाला सजीवांची पूर्वपीठिका ठाऊक व्हावयाची आणि दुसऱ्यानें पुढें जीवशास्त्र न घेतल्यास बहुधा ती त्याला शाळेंत नीटशी भेटावयाचीच नाहीं.

हें घडलें तें असें. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें 2022 सालीं, साथीच्या दिवसांत मुलांवरील अभ्यासाचा भार हलका करावयाचा म्हणून, पुस्तकांतून कांहीं भाग वगळले. त्यांत दहावीच्या पाठाचा हा उत्तरार्ध होता. साथ ओसरली, भाग मात्र परत आला नाहीं. 2023 सालच्या छापील पुस्तकांतून तो गेलेलाच राहिला. त्या वर्षीं एप्रिलमध्यें ब्रेकथ्रू सायन्स सोसायटी या संस्थेनें काढलेल्या निषेधपत्रावर अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं सह्या केल्या. बारावीच्या पुस्तकांत हें प्रकरण कायम आहे, असें त्यावर उत्तर मिळालें. उत्तर खोटें नाहीं. पण बारावींत जीवशास्त्र घेणारे किती? घाटकोपर-मुलुंडकडील व्यापारी घरांतील मुलांचा ओढा वाणिज्याकडे किती असतो, हें आम्ही तीस वर्षें वर्गांत उभें राहून पाहिलें आहे. इकडे 2025 सालीं राज्य सरकारनेंही केंद्रीय मंडळाच्या धर्तीचा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्यानें आणण्याचें जाहीर केलें. तो टप्पा दहावीला पोंचेल तेव्हां आपल्या पुस्तकांतील त्या पहिल्या पाठाचें काय होणार, हें कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत हा विषय कशास, अशी शंका वाचकांस येईल. आम्ही जीवशास्त्रज्ञ नव्हों, संस्कृताचे मास्तर आहों. परंतु या वादांतील निम्मा गोंधळ शब्दांचा, पुराणांचा आणि पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. हीं तिन्ही क्षेत्रें आमचीं, आणि तेथें जो अनर्थ माजला आहे त्याला जीवशास्त्रज्ञ जबाबदार नाहींत.

प्रथम शब्द. ‘उत्क्रांति’ हा शब्द मराठींत आतां इतका मुरला आहे कीं तो मुळांत कोठून आला याचें स्मरण कोणास राहिलें नाहीं. उपनिषदांत व ब्रह्मसूत्रांत उत्क्रांति म्हणजे जीवानें शरीरांतून निघून जाणें, साध्या भाषेंत मरण. लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत 1910-11 च्या हिवाळ्यांत लिहिलेल्या व 1915 सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत ही अडचण बरोबर हेरली आहे. संस्कृतांत मृत्यूचा वाचक असलेला शब्द या अर्थीं वापरणें त्यांना पसंत नव्हतें; त्याऐवजीं सांख्यांच्या परिभाषेला धरून गुणविकास, गुणोत्कर्ष किंवा गुणपरिणाम असे शब्द त्यांनीं सुचविले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या मराठी विश्वकोशानें ‘क्रमविकास’ हा शब्द पत्करला. हिंदी पाठ्यपुस्तकें ‘जैव विकास’ म्हणतात. लोकांनीं मात्र टिळकांचेंही ऐकलें नाहीं आणि तर्कतीर्थांचेंही; उत्क्रांति राहिली ती राहिलीच.

टिळकांचा आक्षेप खरा, पण त्यांचा उपाय आम्हांस अपायकारक वाटतो. सांख्यांचा सत्कार्यवाद असें मानतो कीं, कार्य हें कारणांत आधींपासून असतेंच. तिळांत तेल असतें म्हणून घाणींतून निघतें. डार्विनच्या सिद्धान्तांत याच्या उलट आहे. पिढी-पिढीगणिक लहानसहान फेरफार उपजतात, ते कोणत्याही हेतूनें उपजत नाहींत, आणि त्यांपैकीं जे त्या काळीं त्या ठिकाणीं उपयोगी पडतात ते टिकतात. मत्स्याच्या पोटांत मनुष्य लपून बसलेला नव्हता. विकास या शब्दालाही हाच दोष लागतो. कळींत जें आहे तेंच उमलावयाचें. ‘उत्कर्ष’ तर त्याहून वाईट, कारण त्यांत चढण आली. सापाचे पाय गेले, अंधाऱ्या गुहांतील माशांचे डोळे गेले, पट्टकृमीचें आंतडें गेलें. हे सर्व उत्क्रांतीचेच परिणाम आहेत, आणि यांना उत्कर्ष म्हणावयास मोठें धैर्य लागेल. पण टिळकांना एकट्यांना दोष देऊं नये. पाश्चात्य शब्दाचाही मूळ अर्थ गुंडाळी उलगडणें असाच आहे. म्हणूनच कीं काय, डार्विनच्या 1859 सालच्या मूळ ग्रंथांत तें नाम कोठेंही येत नाहीं, त्याचें क्रियारूप तेवढें अगदीं शेवटचा शब्द म्हणून येतें. त्याचा स्वतःचा शब्दप्रयोग ‘फेरफारांसह वंशानुक्रम’ अशा अर्थाचा होता. आम्हांस विचाराल तर ‘सविकार वंशक्रम’ म्हणावें. पण आमचें ऐकणार कोण? भ्रमणध्वनीच्या नव्या नमुन्यालाही आतां जाहिरातींतून उत्क्रांति म्हणतात.

याच जातीचा दुसरा अपघात ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीनें केला. मराठी शिक्षक ज्याला नैसर्गिक निवडीचें सूत्र समजून ही म्हण फळ्यावर लिहितात, तें वचन मुळीं डार्विनचें नव्हेच. तें हर्बर्ट स्पेन्सर यानें 1864 सालीं वापरलें आणि डार्विननें आपल्या ग्रंथाच्या 1869 सालच्या पांचव्या आवृत्तींत तें उसनें घेतलें. त्यांतील विशेषणाचा अर्थ ‘योग्य’ असा आहे, ‘बलिष्ठ’ असा नाहीं. पूर्वीं साष्टीच्या रानांत वाघही होता. तो गेला, बोरिवलीच्या उद्यानांत राहिला तो बिबट्या, जो अंगानें वाघाच्या निम्मा भरणार नाहीं, पण कुत्र्यांवर पोट भरतो आणि माणसांच्या वस्तीला खेटून दडून राहूं शकतो. हें निवडीचें शास्त्रशुद्ध उदाहरण नव्हे, हें आम्ही जाणतों. म्हण कशी फसविते याचें मात्र आहे.

आतां दशावतार. येथें आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां दरवर्षीं दशावतारांचा विषय निघाला कीं आम्ही मोठ्या अभिमानानें सांगत असूं : पहा, प्रथम जलचर मत्स्य, मग जलस्थलचर कूर्म, मग स्थलचर वराह, मग अर्धपशु नरसिंह, मग खुजा वामन, मग परशुधारी, मग मर्यादापुरुषोत्तम, डार्विनच्या आधीं हजारों वर्षें आपल्या ऋषींनीं हें जाणलें होतें. मुलें टाळ्या वाजवीत. एका वर्षीं नववींतील एका मुलीनें उभें राहून विचारलें, “सर, मत्स्यानें मनूला वांचविलें ना? मग मनु आधींच होता कीं.” वर्ग हंसला. आम्हीं तिला खालीं बसावयास सांगितलें.

तिचा प्रश्न मात्र खालीं बसला नाहीं. घरीं येऊन ग्रंथ काढले आणि पाहतों तों तिचें म्हणणें अक्षरशः खरें. मनु हातपाय धूत असतां ओंजळींत मासा येतो, ही कथा शतपथ ब्राह्मणांत आहे. म्हणजे पहिल्या पायरीवरच माणूस हजर, तोही नाव बांधूं शकणारा. भूगर्भशास्त्राच्या हिशेबानें पहिले मासे सुमारें 50 कोटि वर्षांपूर्वींचे आणि आपली मनुष्यजाति सुमारें 3 लक्ष वर्षांची. कूर्मावताराच्या वेळीं देव आणि दैत्य दोघेही दोरी ओढावयास सिद्ध आहेत. परशुरामाला अश्मयुगीन मानव ठरवावें तर तो रामायणांत रामाला वाटेंत अडवितो आणि महाभारतांत द्रोणाला व कर्णाला अस्त्रविद्या देतो. एका युगाचा माणूस तीन युगांत नांदतो. वामन हा तर अदितीच्या पोटीं जन्मलेला बटु. त्याला अर्धवट माकड ठरविण्यांत डार्विनचा गौरव होतो कीं पुराणाचा अपमान, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

याहून महत्त्वाची गोष्ट क्रमाची. आज रूढ असलेला मत्स्य-कूर्म-वराह हा क्रम अनादि नाहीं. भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायांत बावीस अवतार मोजले आहेत. तेथें सनत्कुमार पहिले, वराह दुसरा, कपिल पांचवा, आणि मत्स्य दहावा व कूर्म अकरावा. शतपथ ब्राह्मणांत पृथ्वी वर काढणारा वराह आहे, कूर्म आहे, मत्स्य आहे. पण कूर्म तेथें प्रजापतीचें रूप आहे आणि मत्स्य कोणाचेंच नाहीं. विष्णूशीं त्यांचा संबंध मागाहून जोडला गेला. म्हणजे हीं निरनिराळ्या वेळीं निरनिराळ्या दैवतांभोंवतीं वाढलेलीं कथानकें एका मालिकेंत कधीं व कशीं ओंवलीं गेलीं, हा एक सुंदर ऐतिहासिक प्रश्न आहे. त्या मालिकेला जीवशास्त्र ठरवून टाकलें कीं हा प्रश्न विचारण्याचें कारणच संपतें. आमची तक्रार विज्ञानाच्या बाजूनें जितकी आहे त्याहून पुराणांच्या बाजूनें अधिक आहे.

आणि ही कल्पना जुनी तरी आहे काय? भागवतावरील श्रीधरांसारख्या जुन्या टीकाकाराला ती सुचलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. 1859 सालीं डार्विनचा ग्रंथ निघाला. 1877 सालीं मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या ग्रंथांत अवतारांची सांगड उत्क्रांतीशीं घातलेली दिसते. 1882 सालीं केशवचंद्र सेन यांनीं कलकत्त्यास तेंच आपल्या परीनें मांडलें. मधल्या काळांत, 1879 पासून 1882 अखेरपर्यंत, थिऑसफिकल सोसायटीचें ठाणें आपल्या मुंबईंतच होतें. तेव्हां ज्याला आपण ऋषींचें ज्ञान म्हणून मिरवितों त्याचें वय सव्वाशें-दीडशें वर्षें, आणि त्याच्या जन्माला निमित्त डार्विनच. तरीही 2019 सालच्या जानेवारींत जालंधर येथें भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनीं दशावतार हा डार्विनपेक्षां सरस सिद्धान्त असल्याचें सांगितलें. त्यांच्या वर्गांत तसा प्रश्न विचारणारी मुलगी नसावी.

त्याच्या आदल्याच वर्षीं, 2018 च्या जानेवारींत, तेव्हां औरंगाबाद म्हणत असलेल्या शहरीं केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनीं असें प्रतिपादिलें कीं, माकडाचा माणूस होतांना कोणीं पाहिलेला नाहीं, सबब हा सिद्धान्त चुकीचा असून तो पुस्तकांतून काढावा. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं संयुक्त निवेदन काढून त्यांचें खंडन केलें. हे गृहस्थ पूर्वीं मुंबईचे पोलीस आयुक्त होते. पोलिसांचा सगळा व्यवसाय कोणीं न पाहिलेल्या गोष्टी मागें राहिलेल्या खुणांवरून सिद्ध करण्याचा; त्या व्यवसायांत हयात घालविलेल्या माणसानें हा आक्षेप घ्यावा याचें आम्हांस नवल वाटलें. न्यायशास्त्रांत कार्यावरून कारणाच्या अनुमानाला शेषवत् म्हणतात. नदीला गढूळ पूर आलेला पाहून वर पाऊस झाला हें ओळखावयाचें. पाऊस आम्हीं पाहिला नाहीं म्हणून पूर नाकारणारा नैयायिक अद्याप जन्मास यावयाचा आहे.

वर्गांत हा आक्षेप निघाला तर मुलांना बोरिवलीस न्यावें. कान्हेरीच्या लेण्यांत सातवाहन काळांतील ब्राह्मी लेख आहेत आणि शिलाहारांच्या वेळचे शके 765, 775 व 799 या वर्षांचे लेखही आहेत. एकाच डोंगरांत सहाशें-सातशें वर्षांच्या अंतरानें कोरलेलीं हीं अक्षरें शेजारीं ठेवलीं तर ‘क’ची साधी फुली वळत वळत, डोक्यावर रेघ घेत, आपल्या ओळखीच्या ‘क’कडे येतांना दिसते. कोणत्या दिवशीं ब्राह्मीची देवनागरी झाली? तसा दिवसच नव्हता. प्रत्येक लिहिणाऱ्याला आपण गुरूचेंच अक्षर गिरवितों असें वाटत होतें, आणि प्रत्येक पिढीला मागच्या पिढीचें लिहिलेलें वाचतां येत होतें; तरी पहिल्या अक्षरांतून शेवटचें ओळखूं येत नाहीं. आणि देवनागरी ही आज हयात असलेल्या तमिळ किंवा बंगाली लिपीपासून झालेली नाहीं; त्या सर्व ब्राह्मीच्या लेंकी. ‘माणूस माकडापासून झाला’ या वाक्यांतील चूक नेमकी हीच आहे. आजचें माकड हा आपला आजा नव्हे, फार लांबचा चुलत भाऊ आहे. आपल्या भाषेची येथें अडचण होते हेंही खरें. बिनशेपटीचे चिंपांझीसारखे प्राणी आपल्या मुलखांत कधीं नव्हतेच, त्यामुळें वानर आणि माकड या दोन शब्दांवर सगळा भार पडतो.

समान पूर्वज कसा सिद्ध करावयाचा, हेंही या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार केली तेव्हां सुमारें साडेबाराशें हस्तलिखितें धुंडाळलीं गेलीं. सुकथनकरांनीं त्यांचीं कुळें लावलीं तीं कशावरून? शुद्ध पाठ सर्वांत सारखे असणारच. त्यावरून नातें ठरत नाहीं. दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक त्याच जागीं आढळली, तर त्या दोन्ही एका तिसऱ्या, आज हरवलेल्या पोथीवरून उतरल्या असें आपण म्हणतों. ती हरवलेली पोथी कोणींही पाहिलेली नसते. शरीरांतही अशा नकलेच्या चुका आहेत. क जीवनसत्त्व स्वतः तयार करण्याची सोय गाईला, कुत्र्याला आहे. मनुष्याला नाहीं, कारण त्यासाठीं लागणारें जनुक आपल्यांत मोडक्या अवस्थेंत पडून आहे. तें चिंपांझींत मोडलेलें आहे, माकडांतही मोडलेलें आहे, आणि मोडण्याच्या कितीएक खुणा त्याच जागीं आहेत. गिनीपिगाचेंही तें मोडलें आहे, पण वेगळ्या रीतीनें. ती दुसऱ्या लेखकाची स्वतंत्र चूक. सुकथनकरांच्या हातीं हा मजकूर दिला असता तर कुळें लावावयास त्यांना फार वेळ लागला नसता.

परिषदेनें पाठ गाळला म्हणून राज्य मंडळाचा पाठ निर्दोष ठरत नाहीं. 2018 सालीं निघालेल्या या पुस्तकांत अवशेषांगें, जीवाश्म, जोडणारे दुवे, डार्विन, लामार्क हें सर्व आलें आहे, आणि आलें आहे हेंच मोठें. परंतु मानवाच्या हकीकतीचा आरंभ ‘रामापिथिकस’पासून केलेला आहे. शिवालिक टेकड्यांत 1932 सालीं सांपडलेल्या या कपीला एके काळीं मानवाचा आद्य पूर्वज मानीत. 1980 च्या सुमारास पोठवारच्या पठारावर अधिक पूर्ण अशी कवटी मिळाल्यावर तो शिवापिथिकसचाच प्रकार व ओरांगउटांगाच्या शाखेजवळचा ठरला. म्हणजे पुस्तक छापण्याच्या जवळजवळ चाळीस वर्षें आधीं त्याचें पद गेलेलें होतें. शिवाय तो कपि मोठा होत गेला, हुशार होत गेला, अशा थाटानें ती हकीकत सांगितल्यामुळें मुलांच्या डोळ्यांपुढें शिडीच उभी राहते, फांद्या फुटलेलें झाड नाहीं. आम्हीं दशावतारांत केली तीच ही चूक, परिभाषा बदलून.

पुस्तकांत जवळचें उदाहरण नाहीं ही आणखी एक उणीव. मुंबईच्या मुलाला जीवाश्म म्हणजे परदेशांतील राक्षसी सरडे. वरळीच्या टेकडींत, लाव्हाच्या दोन थरांमध्यें सांपडलेल्या गाळाच्या दगडांत, चिमुकल्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि 1847 सालीं रिचर्ड ओवेन यानें त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्याही बारा वर्षें आधीं, हें किती शिक्षकांस ठाऊक आहे? अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, जिच्या माथ्यावर गावदेवीचें देऊळ आहे, ती सुमारें साठ मीटर उंचीची काळ्या पाषाणाची उभी रास त्याच लाव्हाच्या युगांतली, साडेसहा कोटि वर्षांच्या आसपासची. त्याच सुमारास डायनोसॉर नाहींसे झाले. देवीच्या पायऱ्या चढतां चढतां हा पाठ सांगून होण्याजोगा आहे. गोरेगांवच्या आरे वसाहतींतून 2010 सालीं विंचवाची एक नवी जाति वर्णिली गेली आणि तिच्या शास्त्रीय नांवांत ‘आरे’ आलें. एवढें हाताशीं असतां पुस्तकानें मुलांस थेट आफ्रिकेंत नेऊन सोडावें, हें कांहीं बरें झालें नाहीं.

समोरच्या मुलाला आम्हीं रामापिथिकसचें हें सर्व सांगितलें. केंद्रीय मंडळाच्या मुलानेंही कान देऊन ऐकलें. त्याला परीक्षा नव्हती, त्यामुळें त्याला अधिक गोडी वाटली असावी. पहिल्यानें मात्र वही मिटून विचारलें कीं, मंडळाच्या परीक्षेंत हा प्रश्न आला तर पुस्तकांतलें लिहावयाचें कीं तुमचें. आम्हीं थोडा वेळ कांहीं बोललों नाहीं. मग त्याला पुस्तकांतलेंच लिहावयास सांगितलें.